काळ्या शेडला पर्याय आहे

आमच्या कारखान्यातल्या सगळ्या शेडना नंबर होते, पण एका शेडला कुणी नंबरानं ओळखत नसे. ती काळी शेड. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत मी एकवीस वर्षं शिफ्ट केमिस्ट होतो आणि त्यातली पहिली चार त्या शेडमध्ये गेली. काम सांगायला सोपं. रिॲक्टर म्हणजे क्रिया घडवायचं मोठं बंद भांडं; त्यात पाणी, थोडं आम्ल आणि नायट्रो संयुग, म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनचा ‘नायट्रो गट’ जोडलेला कच्चा माल. उकळी आली की लोखंडाचा कीस फावड्या-फावड्यानं टाकायचा. एकदम टाकला तर बॅच उसळून मॅनहोलमधून बाहेर येते, म्हणून हेल्पर तोंडाला फडकं बांधून तिथंच उभा राहायचा आणि थोडं थोडं टाकत राहायचा. पाच-सहा तासांत नायट्रोचं अमाईन व्हायचं, म्हणजे नायट्रो गटातला ऑक्सिजन जाऊन तिथं हायड्रोजन यायचा, आणि लोखंडाचा काळा चिखल. गरम असतानाच तो गाळायचा. माल खाली उतरायचा, चिखल वर राहायचा, आणि तो ढकलगाडीत भरून शेडच्या मागे नेऊन टाकायचा.

पावसाळ्यात त्या ढिगावर ताडपत्री असायची. तरी कडेनं तांबूस ओघळ निघायचे आणि गटाराकडे जायचे. हेल्परांच्या नखांतला काळा रंग गणपतीला गावी जाऊन आले तरी उतरलेला नसायचा.

मी हे सगळं आज लिहितोय, कारण रासायनिक कारखान्यांच्या प्रदूषणावर आपल्याकडे जेवढी चर्चा होते ती जवळपास सगळी नळाच्या शेवटच्या टोकाला उभं राहून होते. नदीचा रंग बदलला, खाडीत मासे मेले, डोंबिवलीत २०२०च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला, की विचारायचं: सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू होतं का? नमुने घेतले का? नोटीस दिली का? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण त्याच्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही: ही घाण मुळात तयार का झाली? तो माल बनवायला तिची गरज होती का? माझं उत्तर आहे की बऱ्याच ठिकाणी गरज नव्हती आणि आजही नाही. ते मी हिशेब मांडूनच सांगतो.

नायट्रोबेन्झीनपासून अनिलीन हे सगळ्यात साधं अमाईन बनवायचं असेल आणि लोखंडाची रीत वापरली, तर समीकरण असं: नायट्रोबेन्झीनचे चार रेणू, लोखंडाचे नऊ अणू आणि पाणी. त्यातून अनिलीनचे चार रेणू आणि लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचे तीन. वजनात मांडलं तर एक किलो अनिलीनमागे पावणेदोन किलोहून जास्त काळा ऑक्साइड, तोही सुका धरून. प्रत्यक्षात लोखंड जास्तीचं टाकावं लागतं आणि चिखल ओला असतो, त्यात मालही अडकलेला असतो. हीच क्रिया हायड्रोजन वायू आणि निकेल किंवा पॅलेडियमसारखा घन उत्प्रेरक वापरून केली, तर एक किलो अनिलीनमागे चारशे ग्रॅमपेक्षा कमी पाणी तयार होतं. समीकरणात तेवढंच. निकेल किंवा पॅलेडियम समीकरणात येतच नाही, कारण ते खर्च होत नाही. गाळून घ्यायचं आणि पुढच्या बॅचला पुन्हा वापरायचं. लोखंडाच्या रीतीत मात्र प्रत्येक भाकरीमागे एक तवा फेकून द्यावा लागतो.

अशा उत्प्रेरकाला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘विषमांगी’ म्हणतात. म्हणजे क्रिया करणारे पदार्थ द्रव किंवा वायू, आणि उत्प्रेरक घन, वेगळ्या अवस्थेतला. शब्द जड आहे, पण त्या वेगळेपणातच सगळा फायदा आहे. वेगळा आहे म्हणून गाळता येतो. गाळता येतो म्हणून पाण्यात जात नाही. पॅलेडियम वापरतात ते कोळशाच्या भुकटीवर बसवून, बहुतेकदा शंभर ग्रॅममध्ये पाच ग्रॅम. त्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या भेगा-छिद्रांचा पृष्ठभाग उलगडला तर हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, आणि धातूचे बारीक कण त्यावर विखुरलेले असतात. हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. धातूच्या पृष्ठभागावर आले की ती पकड सुटते आणि सुटा झालेला अणू शेजारी चिकटलेल्या नायट्रो गटाकडे जातो. धातूचं काम जागा देण्याचं. पृष्ठभागावर नेमकं काय घडतं हे एकेक पायरी दाखवल्याबद्दल गेऱ्हार्ट एर्टल यांना २००७ साली नोबेल मिळालं. कारखान्यांनी मात्र त्याची वाट पाहिली नव्हती. फ्रान्समध्ये पॉल साबातिए यांनी निकेलवर हायड्रोजनेशन, म्हणजे हायड्रोजन जोडायची क्रिया, करून दाखवलं ते १९व्या शतकाच्या शेवटी, आणि त्यांचं नोबेल १९१२चं.

लोखंडाची रीत त्याहूनही जुनी आहे. बेशां नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती १८५४ साली सांगितली. दोनच वर्षांनी पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं लंडनमध्ये अनिलीनपासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला. त्या काळात दाबाखालचा हायड्रोजन हाताळायची सोयच नव्हती, तेव्हा लोखंड हा उत्तम शोध होता. पण आज अनिलीनसारखा मोठ्या प्रमाणावरचा माल जगभर बहुतेक हायड्रोजननंच बनतो. लोखंड उरलं ते छोट्या मालासाठी, ज्या अमाईनचे महिन्याला दोन-चार टनच विकले जातात त्यांच्यासाठी. आणि आपल्या औद्योगिक वसाहती अशा छोट्या मालांवर उभ्या आहेत.

या ‘छोट्या’ मालाचं काय होतं ते राजस्थाननं भोगलंय. उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथं एका कारखान्यानं एच-ॲसिड नावाचा रंगांना लागणारा मध्यवर्ती पदार्थ बनवला. एकूण उत्पादन ३७५ टन. गाळ सुमारे २,४०० टन. म्हणजे टनाला सहा टनांहून जास्त. तो गाळ होता लोखंडाचा आणि जिप्समचा. जिप्सम जास्तीचं सल्फ्युरिक आम्ल चुन्यानं मारल्यामुळे, लोखंड बेशांच्या रीतीमुळे. तो उघड्यावर टाकला गेला, पावसानं झिरपला, आणि आसपासच्या विहिरींचं पाणी काळपट-लाल झालं. पिण्याला नाही, शेतीलाही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी १९९६चा. ‘प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्यात पक्कं झालं ते या निकालानं. पर्यावरण कायदा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी बिछडीचं नाव जाणतो. तो गाळ कुठल्या रासायनिक क्रियेतून आला हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही, आणि माझ्या मते खरा धडा तोच होता. भरपाई द्यायला लावली हे योग्यच. पण ती रीत इतर शेकडो शेडमध्ये चालूच राहिली.

लोखंडाचा गाळ निदान दिसतो. ॲल्युमिनियम क्लोराइडचा प्रकार त्याहून वाईट, कारण तो विरघळून जातो.

सुगंधी द्रव्यं, औषधं, कीटकनाशकं यांत लागणारी कीटोन जातीची संयुगं बनवायला फ्रीडेल-क्राफ्ट्स नावाची अभिक्रिया वापरतात. पुस्तकात ॲल्युमिनियम क्लोराइडला तिचा उत्प्रेरक म्हटलंय. प्लांटवर ते पटत नाही. तयार झालेलं कीटोन ॲल्युमिनियम क्लोराइडला घट्ट धरून ठेवतं, म्हणून मालाच्या एका रेणूमागे क्लोराइडचाही निदान एक रेणू टाकावा लागतो. शेवटी पाणी ओतून ते तोडायचं. धूर, उष्णता, आम्लाचा वास, आणि मग कॉस्टिक सोड्यानं उदासीन करायचं. ॲनिसोल आणि ॲसिटिल क्लोराइडपासून पॅरा-मेथॉक्सीॲसिटोफेनोन बनवताना मी हिशेब केला होता: एक किलो मालामागे दीड किलो मीठ आणि अर्धा किलो ॲल्युमिनियमचा चिकट गाळ. हे मीठ जातं कुठे? सामायिक सांडपाणी केंद्रातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात, मीठ खात नाहीत. ते आत आलं तसंच बाहेर जातं, शिवाय जास्त झालं तर जिवाणूंनाच मारतं. म्हणून अलीकडे कारखान्यांना बाष्पीभवन यंत्रणा लावायला सांगतात. पाणी उडवायला वाफ, वाफेला कोळसा किंवा गॅस, आणि शेवटी हातात राहतं ते घाण मीठ, जे पोत्यांत भरून तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या भूभरावात पुरायचं. म्हणजे पाण्यातली घाण जमिनीखाली गेली आणि वाटेत कोळसा जळला. याला आपण ‘शून्य विसर्ग’ म्हणतो.

फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीनं १९९०च्या दशकात हेच कीटोन बीटा झिओलाइट नावाच्या घन आम्लावर बनवायला सुरुवात केली. झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा स्फटिक, ज्याच्या आत रेणूच्या मापाची नियमित छिद्रं असतात. ॲसिटिल क्लोराइडऐवजी ॲसिटिक ॲनहायड्राइड, जोडउत्पादन ॲसिटिक आम्ल, तेही विकता येणारं. पूर्वी किलोमागे साडेचार किलो सांडपाणी यायचं, ते ३५ ग्रॅमवर आलं. आणि माल जास्त मिळाला. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. जपानच्या सुमितोमोनं २००३ पासून नायलॉनला लागणारं कॅप्रोलॅक्टम दोन घन उत्प्रेरकांच्या जोरावर बनवलं आणि जुन्या रीतीत ढिगानं निघणारं अमोनियम सल्फेट पूर्ण बंद केलं. नेदरलँड्समधले रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली एक साधं माप मांडलं: एक किलो मालामागे किती किलो कचरा. तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१च्या आसपास. मोठ्या रसायनांत एक ते पाच. आमच्यासारख्या फाइन केमिकल्समध्ये ५ ते ५०, औषधांत २५ ते शंभराच्या वर. सगळ्यात बदनाम असलेली रिफायनरी या मापानं सगळ्यात स्वच्छ निघते. त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथं पावलोपावली घन उत्प्रेरक आहे. आणि जिथं प्रयोगशाळेतली शंभर वर्षांपूर्वीची कृती तशीच मोठ्या भांड्यात ओतली गेली, तिथं कचरा मालाच्या कित्येक पट.

मग छोटे कारखानदार हे का करत नाहीत? त्यांना आळशी किंवा बेपर्वा म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. आमच्याकडेही प्रयत्न झाला होता, आणि तो कसा फसला ते सांगतो.

मालकांनी हौसेनं पाचशे लिटरचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सहन करणारं बंद भांडं, घेतला. उत्प्रेरक रेनी निकेल, म्हणजे निकेल आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून ॲल्युमिनियम कॉस्टिकनं खाऊन टाकल्यावर उरतं ते स्पंजासारखं निकेल. ते पाण्याखालीच ठेवावं लागतं. सुकलं तर हवेत आपोआप पेट घेतं. आम्हाला हे वाचून माहीत होतं. तरी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गाळणीचा वापरलेला कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दुपारी डबा पेटला. कुणाला इजा झाली नाही, पण ऑपरेटरच्या मनात भीती बसली ती बसलीच. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे ती भीती खोटी नाही. मग पहिल्या दोन बॅच छान झाल्या. तिसरी अर्ध्यावर थांबली. दाब पडेना. उत्प्रेरक वाढवला, तापमान वाढवलं, काही होईना. पुढच्या दोनही तशाच. महिना गेला. शेवटी कळलं ते असं की आधीच्या टप्प्यातला कच्चा माल दुसऱ्या पुरवठादाराकडून आला होता आणि त्यात गंधकाचा अंश होता. गंधक हे निकेलला विष. पृष्ठभागाला एकदा चिकटलं की सुटत नाही. लोखंडाला त्या अंशाचं काहीच वाटलं नसतं. मालकांच्या दोन ऑर्डरी हुकल्या होत्या. त्यांनी ऑटोक्लेव्हवर कापड टाकायला सांगितलं आणि काळी शेड पुन्हा तीन शिफ्ट सुरू झाली.

मी त्यांना दोष देत नाही. लोखंड स्वस्त, रिॲक्टर साधा, हेल्पर पंधरा दिवसांत शिकतो, आणि कच्चा माल थोडा मळका असला तरी बॅच निघते. घन उत्प्रेरकाला यातलं काहीच चालत नाही. त्याला दाब सहन करणारी भांडी लागतात, ज्वालारोधक वायरिंग लागतं, कच्च्या मालाची तपासणी लागते, आणि मुख्य म्हणजे बॅच अडली तर का अडली हे सांगणारा माणूस लागतो. पॅलेडियम वापरायचं तर भांडवल अडकतं. वापरून झालेला उत्प्रेरक धातू परत काढणाऱ्याकडे पाठवायचा तर दोन-चार किलोंसाठी कुणी नीट भाव देत नाही. प्रक्रिया बदलायची म्हटलं की प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्राचे कागद पुन्हा. महिन्याला तीन टन माल काढणाऱ्यानं हे सगळं एकट्यानं करावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

पण एकट्यानं न जमणारं काम सामायिक करायची पद्धत आपल्याकडे आहेच. प्रत्येक छोट्या कारखान्याला स्वतःचं पूर्ण सांडपाणी केंद्र झेपणार नाही हे ओळखूनच सामायिक केंद्रं निघाली आणि त्यांना केंद्र-राज्य सरकारांनी अनुदान दिलं. महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ पासून रस्ते, पाणी, भूखंड सामायिक पुरवत आलंय. माझं म्हणणं एवढंच की घाण साफ करायला जे सामायिक केलं, ते घाण न करण्यासाठीही करा. प्रत्येक मोठ्या रासायनिक वसाहतीत एक सामायिक हायड्रोजनेशन केंद्र असावं. कारखान्यानं आपलं नायट्रो संयुग द्यावं, केंद्रानं ते अमाईन करून परत द्यावं, टनामागे दर घ्यावा. दोन-तीन वेगवेगळ्या मापांचे ऑटोक्लेव्ह, हायड्रोजनचा एकच नीट बांधलेला साठा, एक प्रयोगशाळा, आणि चोवीस तास जाणकार माणसं. दहा कारखान्यांत दहा अर्धवट सुरक्षित ऑटोक्लेव्ह असण्यापेक्षा एका जागी एक चांगला. वापरलेला उत्प्रेरकही एकत्र साठेल, त्यामुळे धातू परत मिळवताना भाव करता येईल. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वापरलेला उत्प्रेरकही मोडतो; त्याचा हिशेब ठेवणंही एका जागी सोपं.

हे इथं जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी शिवडीची आठवण करून देईन. १९३०च्या दशकात तिथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. शेंगदाण्यासारखं तेल, निकेलची भुकटी आणि हायड्रोजन. मुंबईत दाबाखालचा हायड्रोजन आणि निकेल रोज चालवणारे कामगार होते, नव्वद वर्षांपूर्वी. त्या तुपानं हृदयाचं काय केलं हा वेगळा विषय आणि तो गंभीर आहे, पण तंत्र आपल्या हातांना परकं नाही.

उत्प्रेरक बनवणंही परकं नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तिथं पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात झिओलाइटचे स्वतःचे उत्प्रेरक बनवले. नाव ठेवलं ‘एन्सिलाइट’. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांचा नाद त्यात ऐकू येतो. बडोद्याच्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीत झायलीनच्या प्लांटवर तो चालला. तो उत्प्रेरक टनांनी बनवण्यात सिमेंटसाठी आपण जिला ओळखतो त्या एसीसीचा हात होता. दुसऱ्या एका एन्सिलाइटवर बेन्झीन आणि अल्कोहोल यांच्यापासून इथिलबेन्झीन बनवलं गेलं, विशाखापट्टणमला. जगात तेव्हा हा माल इथिलीन आणि ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून बनवायची रीत सर्रास होती. आपल्याकडे उसाच्या मळीचं अल्कोहोल होतं, म्हणून आपल्या लोकांनी आपल्या कच्च्या मालाला साजेसा उत्प्रेरक शोधला, आणि त्याच झटक्यात क्लोराइडही गेलं. बाहेरून आणलेला उत्प्रेरक बाहेरच्या कच्च्या मालासाठी बनलेला असतो, त्यामुळे हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, पूर्वीच्या यूडीसीटीत, गणपती यादव यांनी घन आम्लांची यूडीकॅट नावाची मालिकाच तयार केली. ते कोल्हापूर जिल्ह्यातले. म्हणजे पुणे, माटुंगा आणि कोकणातल्या महाड-लोट्याच्या वसाहतींतल्या शेड यांच्यात अंतर एका दिवसाच्या प्रवासाचं आहे. तरी माझ्या एकवीस वर्षांत त्या दोन संस्थांतलं कुणी आमच्या शेडमध्ये आलं नाही, आणि आम्हीही कधी त्यांच्या दारात गेलो नाही. गंधकाचा तो अंश त्यांच्यापैकी कुणी दोन दिवसांत शोधला असता.

तो दुवा आपोआप तयार होणार नाही. संशोधकाला शोधनिबंध छापायचा असतो, त्यात शुद्ध रसायन वापरलेलं असतं, उत्प्रेरक पाच वेळा वापरून दाखवला की पुरे. कारखान्याला तो पन्नास वेळा चालायला हवा, मळक्या कच्च्या मालावर, आणि सहाव्यांदा का मंदावला हे कळायला हवं. या दोन गरजांच्या मधलं काम कंटाळवाणं, वेळखाऊ आणि निनावी असतं. अमोनियासाठी उत्प्रेरक शोधताना जर्मनीत बीएएसएफमध्ये आल्विन मिटाश यांच्या गटानं हजारो प्रयोग केले. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली अमोनिया बनवून दाखवला तो ऑस्मियमवर, आणि ऑस्मियम जगात मूठभर. मिटाश यांच्या लोकांना शेवटी स्वीडनच्या एका लोहखनिजात उत्तर सापडलं: लोखंड, सोबत थोडं ॲल्युमिना, थोडं पोटॅश. १९१३ साली ओपाऊला कारखाना सुरू झाला आणि आज जगातल्या बहुतेक अमोनिया कारखान्यांत त्याच जातीचा लोखंडी उत्प्रेरक असतो. हजारो फसलेल्या प्रयोगांचा पगार कुणीतरी दिला म्हणून हे झालं. सामायिक केंद्रातली प्रयोगशाळा हे काम करू शकते, जर तिला फक्त वसुलीवर जगायला सांगितलं नाही तर. पहिली पाच-सात वर्षं तिचा खर्च सरकारनंच उचलावा असं माझं स्पष्ट मत आहे. २०२३ साली केंद्र सरकारनं हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींची योजना मंजूर केली. खत, पोलाद, जहाजं यांची चर्चा तिच्यात आहे. दिवसाला काही किलो हायड्रोजन वापरून एक नाला स्वच्छ ठेवणारी छोटी शेड त्या चर्चेत कुठेच नाही, आणि ती यायला हवी.

आक्षेप मला माहीत आहेत. काही खरे आहेत.

पहिला असा की सगळ्या क्रिया याला मानत नाहीत. खरं आहे. नायट्रोच्या शेजारी क्लोरीन असेल तर हायड्रोजन कधीकधी तोही काढून टाकतो आणि माल बिघडतो. त्यावर खास उत्प्रेरक आहेत, पण प्रत्येक मालासाठी पुन्हा शोधावं लागतं. काही ठिकाणी लोखंडच ठीक. तिथं गाळाचं तरी सोनं करता येतं: जर्मनीत १९२५च्या सुमारास लाऊक्स यांनी हीच क्रिया अशी बदलली की निघणारा ऑक्साइड रंगद्रव्य म्हणून विकता येईल, आणि तो उद्योग मोठा झाला. आपल्याकडे गाळ टाकायलाच पैसे मोजतो.

दुसरा, की हायड्रोजन आज बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड निघतो. हेही खरं. पण लोखंडही भट्टीत कोळशावरच बनलेलं असतं, आणि तेच आपण एकदा वापरून चिखलात घालवतो.

तिसरा, की निकेल स्वतःच विषारी आहे. हो. म्हणूनच ते एका जागी, मोजून, गाळून, कुलपात हवं. वसाहतीभर पसरलेल्या पंधरा शेडमध्ये नको.

चौथा आक्षेप कामगारांच्या बाजूनं येतो आणि त्याचं उत्तर मी सगळ्यात जपून देतो. काळ्या शेडमध्ये एका पाळीत सहा-सात माणसं लागायची. ऑटोक्लेव्हला दोन पुरतात. बाकीच्यांचं काय? मी त्यांच्यासोबत जेवलोय, मला हा प्रश्न आकड्यांत सोडवता येत नाही. पण अमाईनची वाफ नाकातोंडात घेत, ओठ निळे पडेपर्यंत काम केलेले लोकही मी पाहिलेत. अमाईन रक्तातला प्राणवायू अडवतात; आम्ही त्याला ‘लागलं’ म्हणायचो आणि माणसाला बाहेर झाडाखाली बसवायचो. ते काम टिकावं म्हणून गाळ टिकावा असं त्यांच्यापैकी कुणी कधी म्हटलं नाही.

तेव्हा सुरुवात महाडपासून करावी. लोटे त्याच महामार्गावर आहे, रोहा-धाटाव जवळ आहे, पण नायट्रो संयुगांचे ड्रम घाटातून फिरवण्यापेक्षा पुढे तिथंही स्वतंत्र केंद्र व्हावं. महाडला सावित्रीच्या काठच्या गावांनी पुष्कळ वाट पाहिलीय. आणि केंद्रात ऑपरेटर घेताना आधी काळ्या शेडमधले घ्यावेत. आमचा एक हेल्पर फिल्टर पेपरवर बॅचचा एक थेंब टाकायचा, कडेला पसरलेल्या वर्तुळाचा रंग बघायचा आणि बॅच संपली की नाही ते प्रयोगशाळेच्या रिपोर्टाआधी सांगायचा. चार वर्षांत तो एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही. हायड्रोजनचा दाब पडायचा थांबला की बॅच संपली, हे काट्यावर वाचायला त्याला आठवडा पुरला असता.